जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिस: धोका कुणाला, आणि तो उठतो कशामुळे?

रानजाई (धागाकर्ती)

सोरायसिसवर इथे आधी बरंच लिहून झालंय. त्यातलं बहुतेक कोपरा-गुडघ्यांवरच्या चट्ट्यांबद्दल आणि डोक्यातल्या खपल्यांबद्दल आहे. त्याच आजाराचा एक दुर्मीळ आणि फार जोरदार प्रकार असतो, जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिस. डॉक्टर मंडळी त्याला जीपीपी म्हणतात. माझ्या मोठ्या वहिनींना तो झाला. त्या आता घरी आहेत, हिंडत्या-फिरत्या आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहितेय. आजाराच्या वर्णनापेक्षा तो कशामुळे उठला यावर मला जास्त लिहायचंय, कारण वहिनींच्या बाबतीत तो बहुधा टळला असता.

सोरायसिस त्यांचा जुना. कंबरेवर, कोपरांवर, पोटऱ्यांवर चट्टे. थंडीत वाढायचे, उन्हाळ्यात मावळायचे, मलमावर भागत होतं. पुढे गुडघे आणि बोटांचे सांधे धरले म्हणून त्या तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे जायला लागल्या. ते कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या द्यायचे आणि अधूनमधून एक इंजेक्शन. सांधे तर मोकळे झालेच, अंगावरचे चट्टेही गेले. घरात सगळ्यांना आनंद. मग लावणीच्या दिवसांत पुड्या संपल्या. पाऊस मी म्हणत होता, शेतावर माणसं कमी, आणि आता बरंच वाटतंय तर कशाला घ्यायच्या, म्हणून त्यांनी परत आणल्याच नाहीत.

थोड्याच दिवसांत थंडी वाजून ताप भरला. मांड्या, पोट, काखा लालभडक, हात लावला तर कढत. दुसऱ्या सकाळी त्या लालीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळट पुळ्या, शेकड्यांनी. संध्याकाळपर्यंत त्या एकमेकींत मिसळून पुवाचे पसरट फोड झाले. ते वाळले की पातळ पापुद्रे सुटायचे आणि शेजारी नव्या पुळ्या उठायच्या. लुगडं अंगाला चिकटायचं, ते कोमट पाण्यानं भिजवून सोडवावं लागायचं. कूस बदलतानाही त्या कळवळायच्या.

पू दिसला म्हणजे जंतू, असं सगळ्यांनी धरून चाललं. ताट-पेला वेगळा झाला. नातवाला खोलीत सोडेनात. सलाइनमधून अँटिबायोटिक्स झाली. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पुळीतला पू तपासायला पाठवला, त्यात जंतू वाढले नाहीत. त्वचेचा तुकडा तपासला तेव्हा आजाराचं नाव कळलं. हा पू निर्जंतुक असतो. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, त्वचेत शिरून साठतात. शेजारी बसून, हात धरून, एका ताटात जेवून हा कुणाला होत नाही. हे मी मुद्दाम ठासून लिहितेय. वहिनींना त्या दिवसांत पुळ्यांपेक्षा माणसं लांब बसल्याचं जास्त लागलं.

त्या बाईंनी आल्या आल्या विचारलं होतं: "गेल्या महिन्याभरात कोणती गोळी सुरू केली आणि कोणती बंद केली?" इथेच सगळं उलगडलं. पुडीतल्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. सोरायसिसवाल्या माणसाला स्टिरॉइड पोटातून किंवा सुईनं दिलं की चट्टे झपाट्यानं दबतात. ते एकदम थांबलं की आजार आधीपेक्षा जोरानं उसळू शकतो, आणि काही जणांत तो या पुळ्यांच्या रूपात येतो. ही माहिती नवी नाही. लिओ फॉन त्सुंबुश यांनी या आजाराचं वर्णन केलं ते १९१० साली, तेव्हा स्टिरॉइडची औषधं नव्हतीच. पण ती वापरात आल्यावर इंग्लंडमध्ये बेकर आणि रायन या डॉक्टरांनी १०४ रुग्णांचा अभ्यास १९६८ मध्ये छापला, आणि स्टिरॉइडचा हा संबंध त्यात तेव्हाच मांडलेला आहे. इतकी वर्षं लोटली तरी आपल्याकडे पुडीतून बिननावाची गोळी जाते आणि ती अचानक बंद करू नका एवढं एक वाक्य कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

बाकी कारणं मला समजली तशी: घशाचा संसर्ग किंवा कसलाही मोठा ताप, गरोदरपण, रक्तातलं कॅल्शियम घसरणं, काही ठरावीक औषधं, प्रचंड मानसिक ताण. काही बायकांना पाळीच्या आसपास उठतो. आणि मुळात अंगात तशी प्रवृत्ती असावी लागते, ती जनुकांतून येते. हा भाग मला नीट मांडता येणार नाही, जाणकारांनी लिहावं. ज्यांच्या घरात असं कुणाला झालंय त्यांनीही लिहा, विशेषतः आधी काय घडलं होतं ते.

---

वेताळटेकडी

वाचून अंगावर काटा आला. वहिनींना सांगा, इथे एक जण त्यांच्या तब्येतीसाठी शुभेच्छा देतोय.

एक शंका. गोळ्या बिननावाच्या होत्या, तर त्या स्टिरॉइडच्याच होत्या हे कसं ठरलं?

---

रानजाई

@वेताळटेकडी, आभार. आता मागे वळून बघितलं तर खुणा ढीगभर होत्या. चेहरा गोल झाला होता, आम्ही म्हणायचो वहिनी बाळसं धरताहेत. भूक वाढलेली. दंडाला जरा काही लागलं की काळानिळा डाग. साखर कधी नव्हती ती वर गेलेली. रुग्णालयात सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं ते फार खाली होतं, म्हणजे बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिल्यानं शरीरानं स्वतःचं बनवणं जवळपास सोडून दिलं होतं.

---

काउंटरवाला

मराठवाड्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. ताई, तुम्ही पुडीचं लिहिलंत, मी ट्यूबचं लिहितो.

पावसाळा सुरू झाला की गजकर्णाची गिऱ्हाईकं वाढतात. चिठ्ठी नसते. मोबाइलवर रिकाम्या ट्यूबचा फोटो असतो, "ही द्या, पाहुण्यांना गुण आला." बहुतेक वेळा ती मिश्र मलमाची ट्यूब असते: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध, आणि सोबत क्लोबेटासॉलसारखं अतिशय तीव्र स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोकांचा विश्वास बसतो. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली. कागदावर नियम आहे. गल्लीत काय चालतं ते तुम्ही सगळे बघताच.

आता सोरायसिसचा चट्टा आणि गजकर्णाचा चट्टा, दोन्ही लाल, दोन्ही खाजतात, दोन्हींवर खपली. गिऱ्हाईक गजकर्ण म्हणून सांगतं आणि असतो सोरायसिस. मग अंगभर महिनोन्‌महिने ती ट्यूब चोपडली जाते. मोठ्या भागावर तीव्र मलम रोज लावलं तर ते रक्तातही उतरतं, आणि एकदम सोडलं की पोटातल्या गोळीसारखाच प्रकार होऊ शकतो. त्यात गजकर्णावर दिली जाणारी टर्बिनाफिनची गोळी हीसुद्धा पुळ्या उठवणाऱ्या औषधांत मोजतात. म्हणजे चुकीच्या निदानावर दोन धोके एकदम.

मी स्वतः आता कुणी अशी ट्यूब मागितली की विचारतो: कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात जुने चट्टे आहेत का? घरात कुणाला सोरायसिस? हो म्हणाले की त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवतो. गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या दुकानात जातं, जाऊ दे.

---

हिरवा_चाफा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोकणात प्रॅक्टिस करते. धागा फार गरजेचा आहे. रानजाई, तुमचं बहुतेक सगळं बरोबर आहे, थोडी भर घालते.

आधी भीतीबद्दल. हा आजार खरंच दुर्मीळ आहे. फ्रान्समधल्या पाहणीत दहा लाखांत १.७६ रुग्ण निघाले, जपानमधल्या पाहणीत ७.४६. चट्ट्यांचा साधा सोरायसिस असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आयुष्यात कधी होत नाही. स्टिरॉइड सोडलेल्या प्रत्येकालाही होत नाही. हे वाचून कुणी घाबरून आपलं चालू स्टिरॉइड आज रात्री फेकून देऊ नये, कारण तेच सर्वांत वाईट ठरेल. जे घेताय ते घेत राहा, लवकरात लवकर डॉक्टरांना गाठा, ते टप्प्याटप्प्यानं उतरवतील आणि सोबत सोरायसिसचं दुसरं औषध सुरू करतील.

उलट बाजूही आहे. जीपीपी व्हायला आधी सोरायसिस असावाच लागतो असं नाही. काही रुग्णांत अंगावर एकही चट्टा नसताना पहिलाच झटका पुळ्यांचा येतो. यांच्यात जनुकाचा हात जास्त करून सापडतो. आपल्या त्वचेत इंटरल्यूकिन-३६ नावाचा दाह चेतवणारा रेणू असतो आणि त्याला आवरणारं एक प्रथिन असतं. ते प्रथिन आयएल३६आरएन या जनुकावरून बनतं. जनुकात दोष असेल तर आवर घालणारं कुणी राहत नाही, आणि साधा घसा धरला तरी दाह भडकत जातो. हे २०११ साली उलगडलं, आणि त्यात ट्युनिशियातल्या कुटुंबांचा मोठा वाटा होता. जवळच्या नात्यात लग्नं होणारी कुटुंबं होती ती. दोष आई आणि वडील दोघांकडून आला की आजाराची शक्यता फार वाढते.

हे आपल्यालाही लागू आहे. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. अशा घरात लहान मुलाला वारंवार तापासोबत अंगभर पुळ्या उठत असतील तर हा आजार डॉक्टरांच्या मनात यायला हवा. कार्ड१४ आणि एपी१एस३ अशी आणखी काही जनुकंही सापडली आहेत. पण कितीतरी रुग्णांत यातलं काहीच सापडत नाही, आणि दोष असूनही ठणठणीत राहणारे लोक आहेत. म्हणून "आमच्यात आहे, होणारच" असं धरून बसू नका.

औषधांबद्दल: मानसिक आजारासाठीचं लिथियम, मलेरियासाठीचं क्लोरोक्विन, संधिवातासाठीचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, रक्तदाबासाठीचे बीटा ब्लॉकर, वर काउंटरवाला यांनी सांगितलेलं टर्बिनाफिन. सोरायसिसवर द्यायची, टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनंसुद्धा क्वचित उलटी पडून पुळ्या आणतात. २०२० मध्ये कोविड टाळायला म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा सोरायसिस असलेल्या परिचारिकांनी मला फोन करून विचारलं, याचं मला कौतुक वाटलं. विचारणं हेच करायचं असतं. हृदयाची किंवा मनाची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, त्यातून दुसरं संकट उभं राहील. ज्यांनी ती दिली त्यांच्या कानावर घाला की मला सोरायसिस आहे, बस.

आणखी एक. औषधाच्या अ‍ॅलर्जीतूनही हुबेहूब असेच पुरळ उठते, बहुतेकदा अँटिबायोटिकनंतर एक-दोन दिवसांत. ते औषध थांबवलं की साधारण दोन आठवड्यांत निवळतं. दिसायला दोन्ही सारखे असल्यानं त्वचेचा तुकडा आणि औषधांचा नीट इतिहास, दोन्ही लागतात.

---

मोरपिशी

धाग्यावर गरोदरपणाचा उल्लेख वाचून पोटात गोळा आला. माझ्या धाकट्या बहिणीला सोरायसिस आहे आणि सातवा महिना लागलाय. आत्तापर्यंत चट्टे उलट कमी झालेत. आम्ही काय बघायचं? तिच्या सासरी सांगावं का?

---

हिरवा_चाफा

@मोरपिशी, चट्टे कमी झालेत ही चांगलीच गोष्ट आहे. गरोदरपणात बऱ्याच बायकांचा साधा सोरायसिस सुधारतो. पुळ्यांचा प्रकार फार थोड्या जणींना होतो, आणि होतो तेव्हा साधारण शेवटच्या तीन महिन्यांत. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८७२ साली अशा पाच गरोदर स्त्रियांची नोंद केली होती, त्यातल्या चार दगावल्या. तो काळ वेगळा होता, आज तशी स्थिती नाही, पण वेळ मात्र घालवायची नसते कारण बाळाला वार पुरेशी साथ देईनाशी होते.

सुरुवात बहुधा मांड्या, जांघा, काखा अशा घड्यांच्या जागी होते: लाल पट्टा आणि त्याच्या कडेला बारीक पुळ्यांची रांग. सोबत ताप, उलट्या, हातपायांत पेटके. पेटके म्हणजे कॅल्शियम घसरल्याची खूण असू शकते. असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ दोघांनी मिळून बघायला हवं. दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका.

ज्यांना एका खेपेला झालंय त्यांना पुढच्या खेपेला पुन्हा होऊ शकतो, कधी आधीच्या महिन्यांत आणि जास्त जोरानं. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं. सासरी जरूर सांगा. तिची काळजी घेणारे तेच आहेत, आणि संसर्गाचा गैरसमज आधीच निघून गेलेला बरा.

---

मोरपिशी

खूप आभार डॉक्टर. आत्ताच तिच्या सासूबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं.

---

योकोहामाकर

जपानात राहतो म्हणून दोन गोष्टी लिहितो. इथे हा आजार सरकारच्या "नानब्यो" म्हणजे दुर्मीळ, उपचाराला कठीण आजारांच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर आहे. नोंदणी झाली, तीव्रतेच्या निकषांत बसलं, की उपचारांच्या खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं आणि रुग्णाची माहिती नोंदवहीत जाते. जपानमधून या आजारावर इतके आकडे आणि जनुकांचे इतके अभ्यास बाहेर येतात त्यामागे ही नोंद ठेवायची सवय आहे असं मला वाटतं. आपल्याकडे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची अशी नोंद झाली तर केवढं कळेल!

दुसरं, उपचारांत आता खास याच आजाराचं औषध आलंय. स्पेसोलिमॅब, ते इंटरल्यूकिन-३६ चा मार्गच अडवतं. ५३ रुग्णांवरच्या चाचणीत एका इंजेक्शननंतर आठवड्याभरात औषध मिळालेल्या ५४ टक्के लोकांच्या अंगावर एकही पुळी दिसत नव्हती. नुसतं सलाइन... चुकलो, नुसतं औषधविरहित इंजेक्शन मिळालेल्यांत हेच प्रमाण ६ टक्के होतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

---

रानजाई

@योकोहामाकर, ही माहिती मोलाची आहे. वहिनींना सायक्लोस्पोरिनवर आणलं, आता अ‍ॅसिट्रेटिन चालू आहे. त्यांचं वय झालंय म्हणून ते देता आलं. मूल व्हायच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देत नाहीत, कारण बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते, असं बाईंनी सांगितलं.

---

आनंदयात्री_नगर

आमच्या चुलत्यांचा सोरायसिस एका जाणत्या माणसाच्या पांढऱ्या पावडरीनं साफ गेला. सगळी इंग्रजी औषधं सोडायला सांगतात. ज्यांना हवा त्यांना पत्ता देईन.

---

रानजाई

दादा, चुलत्यांना बरं वाटलं हे ऐकून आनंद आहे. पण पत्ता कृपया इथे देऊ नका. साफ गेला हेच आमच्याकडेही सगळे म्हणत होते. पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, गुण मात्र चार दिवसांत, अशा पावडरीत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते. चुलत्यांची साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या, चेहऱ्यावर सूज आहे का बघा. आणि पावडर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. हे अगदी कळकळीनं सांगतेय.

---

वैद्य_गोदातीर

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेला वैद्य आहे, तेवीस वर्षं चिकित्सा करतो. रानजाई यांच्याशी पूर्ण सहमत. सोरायसिसच्या सौम्य अवस्थेत आम्ही काम करतो, पण रुग्ण आधीपासून मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन घेत असेल तर ती "आजपासून बंद" असं कुठल्याही जबाबदार वैद्यानं सांगू नये. स्टिरॉइडप्रमाणे तीही अचानक थांबल्यावर आजार उसळल्याची उदाहरणं आहेत. ताप, अंगभर लाली आणि पुळ्या अशा अवस्थेत वमन-विरेचन करायचं नसतं. अंगातलं पाणी आणि क्षार आधीच उतरलेले असतात. असा रुग्ण माझ्या दारात आला तर मी रिक्षा बोलावून रुग्णालयात पाठवतो.

---

आनंदयात्री_नगर

बरं. साखर उद्याच तपासून घेतो. सूज आहे खरी.

---

सांजसावली

माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून कॅल्शियम कमी असतं, गोळ्या चालू आहेत. सोरायसिस आहे, सौम्य. वर कॅल्शियमचं वाचलं. दोन्हींचा संबंध आहे का?

---

हिरवा_चाफा

@सांजसावली, आहे, आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. थायरॉइडला चिकटून पॅराथायरॉइड नावाच्या चार बारीक ग्रंथी असतात, कॅल्शियम राखणं त्यांचं काम. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं, आणि अशा लोकांत कॅल्शियम फार खाली गेल्यावर जीपीपीचा झटका आल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दुरुस्त केल्यावर त्वचाही सुधारली. तुम्ही गोळ्या नियमित घेताय, सोरायसिस सौम्य आहे, तेव्हा आज काळजीचं कारण दिसत नाही. प्रवासात, उपासाच्या दिवशी, जुलाब लागले तर गोळ्या चुकतात, तिथे लक्ष ठेवा. ओठांभोवती मुंग्या किंवा बोटांत पेटके आले तर लगेच रक्त तपासा.

झटक्याच्या वेळी मात्र कॅल्शियमचा आकडा जपून वाचावा लागतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरतं म्हणून एकूण कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. आयनाइज्ड, म्हणजे रक्तातलं मोकळं कॅल्शियम तपासलं की खरं कळतं.

---

पारिजात_७७

लहान मुलांचं कुणी लिहिलं नाही. भाच्याला (वय ९) घसा धरला की अंगावर सोरायसिसचे ठिपके येतात. त्याला याचा धोका?

---

हिरवा_चाफा

ठिपक्यांचा प्रकार वेगळा, तो घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर मुलांत येतो आणि बहुतेकदा ओसरतो. मुलांत जीपीपी त्याहून कितीतरी विरळ. घसा वारंवार धरत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून नीट उपचार करा, अर्धवट सोडू नका. ठिपके लवकर जावेत म्हणून कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर नाही म्हणा.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. या चर्चेतून मी वहिनींच्या पाकिटात ठेवायला एक चिठ्ठी केली आहे. दातांचा डॉक्टर असो, हाडांचा असो, कुणाकडेही गेल्या की आधी ती पुढे करायची. मजकूर असा:

"मला जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिस झाला होता. सध्या अ‍ॅसिट्रेटिन चालू. स्टिरॉइड देऊ नये. लिथियम, क्लोरोक्विन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, बीटा ब्लॉकर, टर्बिनाफिन देण्याआधी माझ्या त्वचारोगतज्ज्ञांशी बोलावं. तापासोबत अंगावर पुळ्या आल्यास तातडीनं दाखल करावं. हा आजार संसर्गजन्य नाही."

खाली बाईंचा आणि दादाचा फोन नंबर. काही राहिलं असेल तर सांगा, उद्या लॅमिनेट करायला टाकतेय.

---

हिरवा_चाफा

चिठ्ठी उत्तम आहे. फक्त "स्टिरॉइड देऊ नये" हे वाक्य बदला. वहिनींचं कॉर्टिसॉल खाली होतं. ते पूर्ववत होईपर्यंत एखादा अपघात, मोठं ऑपरेशन किंवा जोराचा संसर्ग झाला तर त्यांना स्टिरॉइड द्यावंच लागेल, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो. दम्याचा तीव्र झटका किंवा गंभीर अ‍ॅलर्जी आली तरी तसंच. चिठ्ठी वाचून कुणी हात आखडला तर जिवावर बेतेल. असं लिहा:

"मी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलं आहे, शरीरात कॉर्टिसॉल कमी असू शकतं. जीव वाचवण्यासाठी गरज असल्यास स्टिरॉइड जरूर द्यावं. दिल्यास अचानक बंद करू नये, त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावं."

आणि कॉर्टिसॉलची तपासणी पुन्हा कधी करायची ते बाईंना विचारून ती तारीखही मागच्या बाजूला टाका.